एका रेषेतला पारा

पेटीचं दार उघडण्याआधी श्वास रोखायचा, हे ताईनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. माणसाचा उच्छ्वास लागला तरी पारा सरकतो, म्हणून. छाती भरून घ्यायची, कडी काढायची, आधी उजवीकडचा आकडा बघायचा, मग डावीकडचा, दार लावायचं आणि मगच श्वास सोडायचा. आता ताई नाही. पेटी अजून अंगणात आहे. दुपारी तिच्यासमोर उभी राहून मी श्वास आत ओढते तेव्हा घर, रस्ता, शेजारचा रेडिओ, सगळंच जरा वेळ थांबल्यासारखं होतं. तो क्षण मला नकोसा वाटतो. टाळावा म्हटलं तर टाळवतही नाही.

आम्ही दोघी बहिणी अंबरनाथला वडिलांनी बांधलेल्या घरात राहत होतो. वडील कारखान्यात होते. मुलींनी शिकावं, याखेरीज त्यांनी आमच्याकडून काही मागितलं नाही. ताई डॉक्टर झाली आणि तिनं घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना काढला. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाले. लग्नाचा विषय दोघींच्याही बाबतीत निघाला आणि मागे पडला. आई-वडील गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की ती भाजी निवडायची आणि मी तिला काहीतरी वाचून दाखवायचे.

नव्वद साल उलटून गेलं होतं. कॉलेजात काही परदेशी मासिकं यायची, तीही कित्येक महिने उशिरा. त्यांत पृथ्वी तापत चालल्याचे लेख असत. मी ते मराठीत सांगायचे. ताई ऐकून घ्यायची. एकदा गवारीच्या शिरा काढता काढता म्हणाली, "पृथ्वी तापतेय, ठीक आहे. पण माझ्या दवाखान्यात कोण तापतंय, ते यात कुठंय?"

तिथून ते सुरू झालं. तिचं म्हणणं साधं होतं. बदलापूरच्या डॉक्टरला बदलापूरचे दमेकरी दिसतात, विठ्ठलवाडीच्या डॉक्टरला तिथले. दोघांचं एकत्र कोणी बघत नाही. हवा मोजतात ती समुद्राकाठी, आणि आपण श्वास घेतो तो इथे, कारखाने आणि डोंगर यांच्या मधे. तेव्हा आसपासच्या दवाखान्यांनी आठवड्याला एक पोस्टकार्ड टाकायचं: तापाचे किती, दम्याचे किती, जुलाबाचे किती, उन्हाने चक्कर येऊन पडलेले किती. आणि जमेल तिथे हवा आपण स्वतः मोजायची. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायचं.

तिनं पुष्कळ डॉक्टरांना पत्रं लिहिली. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकानं विचारलं, दवाखाना चालत नाही का हल्ली? वांगणीचे एक म्हातारे डॉक्टर मात्र पत्राची वाट न बघता स्वतःच आले, चहा प्यायले, आणि जाताना म्हणाले, "बाई, मी तीस वर्षं हेच मनातल्या मनात करतोय. आता पोस्टकार्डावर करतो." असे हळूहळू काही दवाखाने जोडले गेले.

हवा मोजायचं शिकवलं ते सरांनी. हे आमच्या कॉलेजातले भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, सिंधी, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका जुन्या बराकीत राहणारे. चाळीस वर्षं मराठी मुलांना शिकवून त्यांचं मराठी चांगलं होतं, पण रागावले किंवा खुशीत आले की हिंदीवर जात. सुताराला समोर बसवून त्यांनी पेट्या करून घेतल्या. चार उंच पायांवर उभी, चारही बाजूंना फळ्यांच्या तिरप्या पट्ट्या, वारा आत जावा आणि ऊन जाऊ नये म्हणून. पांढराशुभ्र रंग. दार उत्तरेला. अशा तीन पेट्या झाल्या. एक सरांच्या बराकीमागे, एक आमच्या अंगणात, आणि तिसरी बारवी धरणाच्या बाजूला एका पाड्यावर, आरोग्य उपकेंद्राच्या आवारात.

आत दोन थर्मामीटर शेजारी शेजारी उभे असत. उजवीकडचा उघडा. डावीकडच्याच्या पाऱ्याच्या गोळीला मलमलीचं पांढरं कापड गुंडाळलेलं, आणि त्या कापडाचं शेपूट खाली पाण्याच्या छोट्या बाटलीत सोडलेलं. ओल्या कापडाने गोळी गार राहते, म्हणून गुंडाळलेल्याचा पारा नेहमी खाली असतो. हवा कोरडी असेल तर दोघांत अंतर जास्त, दमट असेल तर कमी. मुसळधार पावसात दोन्ही पारे जवळजवळ एका रेषेत येतात. उन्हाळ्यातल्या दुपारी कधीच नाही. सगळं गणित त्या अंतराचं होतं.

आमच्या पेटीवर वस्तीत बरीच चर्चा झाली. आमची वस्ती बौद्धांची. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, आपल्यात देव्हारा नसतो हो!"

"देव नाही त्यात काकू. पारा आहे."

"मग रोज दुपारी तिच्यापुढं मान खाली घालून काय उभ्या राहता दोघी? मी बघते ना. ओठसुद्धा हलत नाहीत."

सरांचं वेगळंच दुखणं होतं. "मेरे यहाँ तो," ते वैतागून सांगत, "मिसेसनी डब्यावर पापड वाळत घातले. मी म्हटलं, अगं हे सायन्स आहे. ती म्हणाली, सायन्स आत आहे, पापड वर आहेत, कुणाचं काय बिघडलं?"

तिसऱ्या पेटीची मात्र कुणी थट्टा केली नाही. तिथे उपकेंद्राची सिस्टर राहायची, मूळची कल्याणकडची, तिशीची, कामाला चोख. दुपारचं जेवण झालं की दार लावून थोडी आडवी व्हायची, उठली की पेटी बघायची. तिचं पोस्टकार्ड एसटीच्या कंडक्टरबरोबर बदलापूरला येऊन तिथून आम्हाला मिळायचं. पाडा धरणाच्या वरच्या अंगाला, उतारावर. खालचं जुनं गाव पाण्यात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यातून काळ्या झाडांची खोडं वर येत, आणि एका जोत्याची कड. पाड्यातली माणसं तिकडे बघत नसत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा, ते कोणाचं घर, असं विचारलं, तर उत्तर न देता एकीनं मुलाला आत नेलं.

पहिला उन्हाळा संपत आला तेव्हा सिस्टरचं एक कार्ड आलं. त्यात एका दुपारचे दोन्ही आकडे जवळजवळ एकच होते. उघडा पारा खाली येऊन गुंडाळलेल्याला टेकलेला. आदल्या दुपारी होरपळ, दुसऱ्या दुपारी होरपळ, आणि मधल्या दुपारी पेटीत श्रावण. ताईनं त्यावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि सोडून दिलं. मग तसं पुन्हा झालं. पावसाळ्यात ते कळणार नव्हतं, पण थंडीत, कोरड्या हवेत, पुन्हा झालं.

सिस्टर लशी न्यायला अंबरनाथला आली होती तेव्हा ताईनं तिला घरी बोलावून विचारलं. सिस्टर खुर्चीच्या कडेवर बसली होती. चहा तसाच ठेवला होता.

"मॅडम, मी तुम्हाला सांगणारच होते. पण तुम्ही हसाल."

"नाही हसणार."

"ज्या ज्या दिवशी ते एका रेषेत येतात, त्या दिवशी पाड्यात मयत झालेली असते. मी मागचं आठवून बघितलं. एकदाही चुकलेलं नाही. आणि त्या दिवशी दार उघडलं ना, की आतून गारवा येतो तोंडावर. ओल्या मातीसारखा वास येतो. मी आकडा बघते आणि लगेच दार लावते. नीट उभंच राहवत नाही."

ताई हसली नाही. मीही नाही.

सरांनी आधी थर्मामीटर बिघडला म्हणून तो बदलला. मग दुसराही बदलला. पुढची मयत झाली आणि नवे दोन्ही पारे एका रेषेत आले. ताईनं त्यांना कार्ड दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "भूत को बुखार थोडी होता है, डॉक्टरबाई. ठंडा ही होगा." जाताना चपला घालता घालता म्हणाले, "पाणी आहे समोर एवढं मोठं. हवा तिकडून येत असेल. बघायला पाहिजे."

ताईनं तोच धागा धरला. धरणावरची गार, दमट हवा एखाद्या दिवशी उतारावरून वर पाड्यात चढत असेल, तिथेच बसून राहत असेल, आणि ज्यांची छाती आधीच कमजोर त्यांना ती सोसत नसेल. पाड्यातले बहुतेक जण दमा, खोकला, धाप यांनीच गेले होते. आमची पेटी किंवा सरांची पेटी अशा दिवशी काहीच वेगळं दाखवत नसे. म्हणजे ती हवा फक्त तिथलीच. माणूस न्यायला येते आणि संध्याकाळपर्यंत निघून जाते. ताई असं कधी म्हणाली नाही, ती "स्थानिक परिणाम" म्हणायची. पण मी दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयात एकटी असले की मला ती हवा दिसायची: पाण्यावरून उठलेली, काळ्या खोडांमधून सावकाश चालत येणारी, पाड्यात घर शोधणारी.

एव्हाना मुंबईच्या एका संस्थेतल्या डॉक्टरांच्या कानावर आमचं काम गेलं होतं. ते मोटारीनं अंबरनाथला आले. आमच्या पोस्टकार्डांचे गठ्ठे त्यांनी आदरानं हाताळले, पण थांबले ते पाड्याच्या कार्डांवर. पुन्हा पुन्हा तिथेच येत राहिले. म्हणाले, पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे एक बैठक आहे, तुम्ही हे मांडा. हे खरं असेल तर तुमचं हे जाळं आम्ही आमच्याकडे घेऊ. उपकरणं देऊ, माणसं देऊ. घाटापर्यंत पेट्या बसवू.

ते गेल्यावर ताई बराच वेळ अंगणात उभी होती. तिला धाप लागायला लागली होती, हे तोवर मला ठाऊक झालं होतं. तिच्या हृदयाची एक झडप लहानपणच्या तापातच खराब झालेली. पुढे काय होणार हे तिला डॉक्टर म्हणून नेमकं माहीत होतं, आणि त्यामुळे त्याविषयी आमच्यात बोलणं होत नसे. त्या संध्याकाळी मात्र ती बोलली.

"हे कोणाच्या तरी हातात गेलं पाहिजे. माझ्यामागे बंद पडायला नको."

"मी आहे ना."

"तू कादंबरी वाचत बसशील आणि बाटलीतलं पाणी संपून जाईल."

बैठकीच्या आधी तिला ती हवा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. मे महिन्यात दवाखाना बंद ठेवून आम्ही दोघी पाड्यावर जाऊन राहिलो. मनात कुठेतरी आम्ही कोणाच्या तरी मरणाची वाट बघतोय, हे मला पहिल्या दिवशीच जाणवलं आणि जेवण गेलं नाही. ताई मात्र घरोघर फिरून लोकांच्या छात्या तपासत होती.

एका सकाळी पाड्यातला एक म्हातारा गेला. ताईनं आदल्या दिवशी त्याला तपासलं होतं. पुरुषमाणसं त्याला घेऊन वरच्या माळावर गेली, आणि ऊन चढलं तशी सगळी वस्ती निपचित पडली. सिस्टर आतल्या खोलीत दार लावून आडवी झाली. आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत खिडकीच्या झापेआड बसलो. तिथून पेटी समोर दिसायची.

आमची आई टळटळीत दुपारी आम्हाला अंगणात जाऊ देत नसे. रात्रीची भीती तिनं कधी घातली नाही, दुपारची घालायची. ते का, हे मला त्या दिवशी कळलं. सावल्या पायाशी आल्या होत्या. एक पान हलत नव्हतं. कोंबड्यासुद्धा कुठे गेल्या होत्या कोण जाणे. खाली धरणाचं पाणी पत्र्यासारखं चमकत होतं आणि त्यातली खोडं जरा जवळ आल्यासारखी दिसत होती. ताईच्या श्वासाची घरघर मला ऐकू येत होती. तिनं पदर तोंडाशी धरला होता, आवाज होऊ नये म्हणून. कशाला ऐकू जाऊ नये म्हणून, हे मी विचारलं नाही.

हवा आली नाही. पडवीतल्या रांजणावर तांब्या वाजला.

एक म्हातारी होती. पाड्यातल्या टोकाच्या झोपडीतली, एकटी राहणारी. ताईनं तिचीही छाती तपासली होती. तिनं तांब्याभर पाणी घेतलं, पेटीपाशी गेली, सराईतपणे कडी काढली. पदराचं टोक पाण्यात भिजवलं आणि उघड्या थर्मामीटरच्या गोळीवर पिळलं. थेंब थेंब. पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं. मरणाऱ्याच्या ओठांवर पाणी सोडतात तसं. किती तरी वेळ ती तेच करत उभी होती. पाणी पेटीच्या तळावर आणि तिथून मातीत पडत होतं.

ताई उठली आणि बाहेर गेली. मी मागे गेले. म्हातारी दचकली नाही.

"काय करताय आजी?" ताईनं विचारलं.

"पानी देते."

"कोणाला?"

"सकाली गेला त्याला." तिनं गुंडाळलेल्या थर्मामीटरकडे बोट केलं. "ह्यो पांढऱ्या कापडातला जुना हाय. त्याला ही सिस्टरबाय रोज पानी देते. ह्यो उगडा, त्याला कोन देनार? नवा गेलेला तहानलेला असतो."

"पण इथेच का, आजी? तुमची जागा असेल ना..."

म्हातारीनं खाली धरणाकडे हनुवटी केली. "आमचा मसनवटा तिकडं गेला पान्याखाली. माजा घरवाला तिकडंच. पूर्वी जाऊन पानी ठेवायचो. आता कुठं ठेवायाचं? सगलं पानीच." मग जराशानं, "तेच पानी नलातून तुमच्याकडं येतं म्हनं."

"हो."

"गोड लागतं का?"

"हो आजी," ताई म्हणाली. "गोड लागतं."

"मंग बरं."

आत सिस्टरनं कडी काढल्याचा आवाज आला. म्हातारीनं पेटीचं दार लावलं, तांब्या रांजणावर पालथा घातला आणि निघून गेली, नेहमीसारखी. सिस्टर डोळे चोळत बाहेर आली, श्वास रोखून पेटी उघडली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. दोन्ही पारे एका रेषेत होते. आतून ओल्या मातीचा वास येत होता.

परतीच्या एसटीत ताई एवढंच बोलली, "आपण उलटं वाचत होतो. पारा उतरायचा म्हणून माणूस जात नव्हता. माणूस जायचा म्हणून पारा उतरायचा." बदलापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर मी तिला पाणी दिलं. तिनं पेला हातात धरला, त्यात बघितलं, आणि मग सगळं प्यायली.

सरांचं मत होतं की पाड्याची कार्डं बाजूला ठेवावीत आणि बाकीचं मांडावं. "एक स्टेशन निकाल दो. चुप बैठो. खोटं तर नाही बोलत आपण."

"काढलं तर का काढलं विचारतील, सर."

"तो बोलो, मशीन खराब था."

"मशीन चांगलं होतं. तुम्हीच दोनदा बदललंत."

सर हसले. "मरोगी तुम, बाई. इतना सच बोलके मरोगी." मग त्यांनी जीभ चावली.

बैठकीत ताईनं सगळं सांगितलं. म्हातारी, पदर, पाणी, सगळं. मी मागे बसले होते. सभागृहात थोडं हसू फुटलं, वाईट हेतूनं नाही, पण फुटलं. ते मुंबईचे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. चहाच्या वेळी ताईजवळ येऊन म्हणाले, प्रामाणिकपणा फार मोठा आहे तुमचा, पुढच्या वर्षी नक्की बघू. पुढच्या वर्षी त्यांच्याकडून काही आलं नाही.

पाड्याची पेटी ताईनं हलवली नाही. कुलूपही लावलं नाही. तिनं एक नियम केला आणि तो सगळ्यांना कळवला. ज्या दिवशी वस्तीत मयत होईल त्या दिवशी पेटी बघायची नाही. कार्डावर त्या दिवसाची जागा मोकळी सोडायची. तो दिवस त्यांचा. सिस्टरला तिनं समजावून सांगितलं तेव्हा ती रडली आणि म्हणाली, मी तर बदली मागणार होते. त्यानंतर तिची कार्डं येत राहिली, आणि अधूनमधून त्यांत एक पांढरी जागा असायची. दोन-तीन उन्हाळ्यांनी सलग काही दिवस जीवघेणी लाट आली, तेव्हा त्या पांढऱ्या जागा इतक्या जवळ जवळ आल्या की ताई कार्ड हातात घेऊन नुसती बसून राहिली. या वेळी उलटं वाचण्यासारखं काही नव्हतं. त्या वर्षी आमच्या दवाखान्यांनी मिळून पहिल्यांदा गावोगाव सांगितलं, दुपारचं काम थांबवा, म्हाताऱ्यांना एकटं ठेवू नका. बदलापूर-वांगणीकडचे आणखी काही डॉक्टर आपणहून आले. मोटारीतून कोणी आलं नाही.

ती म्हातारीही एका पांढऱ्या जागेत गेली. सिस्टरनं लिहिलं होतं, त्या दिवशी मी दिलं पाणी, मॅडम. चालेल ना?

ताई फाल्गुनात गेली, सकाळी, स्वतःच्या दवाखान्यातल्या तपासायच्या पलंगावर. आमच्यात बायकाही जातात. मी गेले. घराला मी स्वतः कुलूप लावलं, फाटकाची साखळी घातली. शेजारच्या काकूही आमच्याबरोबर होत्या. सगळी आळीच होती. परत आलो तेव्हा भर दुपार होती आणि मी सगळ्यांच्या पुढे होते. फाटकाची साखळी मी घातली तशीच होती. अंगणात आले आणि पाय सवयीनं पेटीकडे गेले. मी श्वास रोखला, कडी काढली.

दोन्ही पारे एका रेषेत होते.

मी उघड्या गोळीला बोट लावलं. बोट ओलं झालं.

श्वास किती वेळ रोखला होता ते मला कळलं नाही. मागे पावलं वाजली. सर होते, टोपी हातात घेऊन. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "मैं नहीं था, बेटी. मैं तो तुम्हारे पीछे ही था." मग त्यांनीच पेटीचं दार हलकेच लावलं. खिशातली पेन्सिल काढली होती ती परत ठेवली.

"आज?" त्यांनी विचारलं.

"आज मोकळी," मी म्हणाले.

जलदानाच्या, म्हणजे गेलेल्याच्या नावानं पाणी सोडायच्या दिवशी सिस्टर पाड्यावरून आली. भन्तेजींनी गाथा म्हटल्या, वाटीत पाण्याची धार धरली, वाटी भरून वाहिली. ती धार पडत असताना सिस्टर माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. ते पाणी मी सकाळी नळावरून भरून ठेवलं होतं.

कार्डं अजून येतात. ती मी लावते, आणि वांगणीच्या डॉक्टरांच्या मुलानं वडिलांची जागा घेतली आहे. कादंबरी वाचायला घेतली तरी दुपारी मी ती उपडी ठेवून उठते. नळाचं पाणी गाळून बाटलीत भरते, मलमल बघते, छाती भरून घेते. एक मात्र आहे. बाटली हल्ली पूर्वीपेक्षा लवकर रिकामी होते. मी ती गळ्यापर्यंत भरते आणि दुसऱ्या दुपारी पाणी पार तळाला गेलेलं असतं. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, ऊन वाढलंय, बेटी. आपल्याच कार्डांवर दिसतंय, दर वर्षी थोडं थोडं.

तेही खरंच आहे. मी बाटली पुन्हा भरते.